वर्षभर टिकवलेला हेवा

दुसऱ्याचं कौतुक चाललेलं असताना आपल्या चेहऱ्याचं नेमकं काय करायचं, हा प्रश्न तुम्हाआम्हा सगळ्यांनाच कधी ना कधी पडलेला असतो. हसावं तर हसू ओठांच्या पलीकडे जात नाही, न हसावं तर लोकांच्या लक्षात येतं. थोरल्या वहिनींनी त्यावर आपल्यापुरता उपाय शोधला होता. धाकट्या जावेचं कौतुक सुरू झालं की त्या पर्समधून रुमाल काढून चष्मा पुसायला घेत. गेल्या चार-पाच वर्षांत तो चष्मा इतक्या वेळा पुसला गेला की काचांवर ओरखडे उठले.

"नंबर वाढला असेल," त्यांचे यजमान म्हणाले.

"नंबर तोच आहे. काचाच खराब निघाल्या," वहिनी म्हणाल्या. आणि विषय संपला.

घर दुमजली. खाली थोरल्या, वर धाकटी. थोरल्या एका मोठ्या ऑफिसात अधीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांच्या आवाजाने अजूनही दारावरचा कुरिअरवाला सरळ उभा राहतो. धाकटी वरच्या खोलीत शिवणकाम करते, बोलते कमी, आणि बोललीच तर तोंडात टाचण्या धरून. जावाजावांचं भांडण म्हणावं तर कधी झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, एकदाचं मोकळं तरी वाटलं असतं. आतल्या आत धुमसणारं मात्र पंधरा वर्षं चाललेलं होतं.

त्याचं मूळ असं. सासरे शेवटची तीन वर्षं व्हीलचेअरवर होते. जवळच्या रुग्णसाहित्य केंद्रातून आणलेली ती खुर्ची. हे केंद्र म्हणजे गरजूंना खाटा, खुर्च्या, वॉकर वापरायला देणारी जागा. काम झालं की वस्तू परत करायची. सासऱ्यांच्या खुर्चीचा एक ब्रेक लागत नसे. ते पोस्टातून निवृत्त झालेले, कामात ढिलाई खपवून न घेणारे. त्या ब्रेकवर ते रोज चिडत. जाताना त्यांनी दोन्ही सुनांच्या नावाने सारखी रक्कम ठेवली आणि सांगितलं, "केंद्राला द्या. कशी द्यायची ते तुमचं तुम्ही ठरवा."

थोरल्यांनी बारा नव्याकोऱ्या व्हीलचेअर दिल्या. निळ्या रंगाच्या, प्रत्येकीच्या पाठीवर पितळी पाटी: सासऱ्यांचं नाव, खाली 'थोरल्या सुनेकडून'. छान समारंभ झाला, टाळ्या झाल्या, वर्तमानपत्रात फोटो आला. तो अजून बैठकीत चौकटीत लावलेला आहे.

धाकटीने काय दिलं? कागद! तिने त्या रकमेचा कायम निधी केला. मुद्दलाला कुणी हात लावायचा नाही. पैसा एकाच ठिकाणी न ठेवता चार ठिकाणी गुंतवायचा. जे उत्पन्न येईल त्यातला तिसरा हिस्सा पुन्हा मुद्दलात टाकायचा, म्हणजे महागाई वाढली तरी निधी तिच्यामागे फरफटत जाणार नाही. उरलेल्यातून फक्त दुरुस्ती. नवी वस्तू एकही घ्यायची नाही. आणि नाव कुठेही लावायचं नाही.

तेव्हा थोरल्या वहिनी हसल्या होत्या. "व्याजावर टायर बदलणार म्हणे!" असं त्यांनी चार जणींना सांगितलं होतं, आणि चौघीही हसल्या होत्या.

पहिली काही वर्षं बरी गेली. निधीचं कुणी नाव काढत नव्हतं. मग हळूहळू केंद्रात एक बोलणं रुळलं. 'पलंगाचा हँडल फिरत नाही? सांगा पानाकाका मिस्त्रींना, धाकटीच्या निधीतून होईल.' 'वॉकरचे रबर? धाकटीचा निधी आहे ना!' गंमत बघा, पाट्यांवर कोरलेलं नाव कुणी वाचत नव्हतं, आणि कुठेही न लिहिलेलं नाव ज्याच्या त्याच्या तोंडी! थोरल्या वहिनींच्या अंगाचा तिळपापड होई. एका वार्षिक अहवालात त्यांनी पेन्सिलीने खुणा केल्या. निधीचा उल्लेख सतरा वेळा. त्यांच्या खुर्च्यांचा दोनदा, त्यातला एक यादीत.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचं काय? पण हेवा मोठ्या गोष्टींचा करतच नाही कुणी. दूरच्या देशातल्या श्रीमंताने दवाखाना बांधला तर आपल्याला काही वाटत नाही. आपल्याच जिन्यावरून वर-खाली करणाऱ्या बाईला लोकांनी चांगलं म्हटलं की मात्र पोटात दुखतं!

केंद्राच्या समितीवर निवडून आल्यावर थोरल्यांनी गेल्या वर्षीच्या सभेत ठराव मांडला: निधी मोडावा आणि त्यातून चाळीस नवे पलंग घ्यावेत. जो सभासद पलंगामागे थोडी भर घालेल, त्याच्या घरच्यांच्या नावाची पाटी त्या पलंगावर. पाटी म्हटल्यावर सभागृहात चैतन्य पसरलं. भराभर हात वर गेले. मागच्या रांगेत धाकटीने आपले हात मांडीवरच ठेवले.

पण निधीच्या कागदात एक विचित्र अट होती. तो मोडायचा तर चारातल्या तिघांनी हात वर करायला हवेत, आणि तेही लागोपाठ दोन वार्षिक सभांमध्ये. मधे पुरतं एक वर्ष जायला हवं. आता हेवा एक दिवस करणं सोपं आहे. वर्षभर तोच हेवा ताजा ठेवायचा म्हणजे काय मेहनत लागते, ते करणाऱ्यालाच ठाऊक. थोरल्या वहिनींनी ठेवला. त्या सभासदांना फोन करत राहिल्या, पलंगांची चित्रं दाखवत राहिल्या. वरून शिलाई मशीनचा आवाज आला की त्यांना नवा हुरूप येई.

आणि ती दुसरी सभा आता रविवारवर आली होती. रविवारी पुन्हा तेवढेच हात वर गेले, की निधी संपला.

बुधवारी त्या केंद्रावर गेल्या. मागच्या खोलीत पानाकाका एक चाक मांडीवर घेऊन बसले होते. केंद्राचे मिस्त्री ते, अगदी सुरुवातीपासूनचे. लोक खिशाला पेन लावतात तसा यांच्या शर्टाच्या खिशात कायम पाना, म्हणून हे नाव.

"पानाकाका, रविवारच्या सभेत माझ्या बाराही खुर्च्या मला समोर हव्यात. रांगेत."

"नऊ इथे आहेत. तीन लोकांकडे आहेत, वहिनी. माणसं बसलीयेत त्यांत."

"तासाभरासाठी आणा."

"बरं. माणसांसकट आणतो."

"आणि शेजारी त्या निधीची एखादी वस्तू ठेवा. बघू देत लोकांना, कुणी काय दिलं ते."

"निधीची वस्तू नाही हो. नवी वस्तू घ्यायचीच नाही, अशी अट आहे."

"तेच म्हणतेय मी! पंधरा वर्षं पैसा पडून आहे आणि दाखवायला एक वस्तू नाही."

पानाकाकांनी चाक खाली ठेवलं. "न मोडलेला ब्रेक कसा दाखवायचा, ते तुम्ही सांगा. मी दाखवतो."

मग तेच पुढे म्हणाले, "या मागच्या भिंतीशी पूर्वी काय होतं, आठवतं? मोडक्या खुर्च्यांचा ढीग. सगळ्या दानात आलेल्या. नवी वस्तू द्यायला माणसं हौसेने येतात, फोटो काढतात. तीन वर्षांनी तिची बेअरिंग जाते, तेव्हा कोण येतं? बेअरिंगवर नाव कोरता येत नाही ना."

"मग मागायचे लोकांकडे दुरुस्तीला पैसे."

"मागितले की. एखाद्या वर्षी देतात, पुढच्या वर्षी विसरतात. त्यांचाही दोष नाही, प्रत्येकाला संसार आहे. पण बेअरिंग दरवर्षी जाते, वहिनी. दरवर्षी येणाऱ्या खर्चाला दरवर्षी येणारा पैसाच लागतो. उत्साह पुरत नाही. वाईट वर्ष आलं तर आम्ही गेल्या तीन वर्षांची सरासरी काढून हात आखडून खर्च करतो, पण काम थांबत नाही. तुम्ही चाळीस पलंग घ्याल. फार छान. त्या पलंगांची चाकं गेल्यावर काय विकाल?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"तेच तर. तेव्हाचं आत्ता बघून ठेवलंय, त्याला निधी म्हणतात." त्यांनी कपाटाकडे बोट केलं. "प्रत्येक खुर्चीचं प्रगतिपुस्तक आहे तिथे. काय बदललं, कधी, कशातून. वाचून बघा एकदा."

"मला वह्या नकोत, खुर्च्या हव्यात," वहिनी म्हणाल्या आणि निघाल्या.

घरी यजमान भाजी निवडत बसले होते. त्यांनी बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सुरी खाली ठेवली.

"अगं, तुला नक्की काय हवंय? पलंग?"

वहिनींना खोटं बोलायचा कंटाळा आला होता. "मला कुणीतरी म्हणायला हवंय हो, की थोरलीनेही केलं. मामंजींना उचलून माझीही कंबर गेली. बारा खुर्च्या दिल्या मी. एकदा तरी कुणी माझं नाव घ्यावं."

"मी घेतो की."

"तुमचं धरत नाही मी," वहिनी म्हणाल्या.

रविवारी दहा वाजता सभागृह भरलं. चौसष्ट सभासद, म्हणजे निधी मोडायला अठ्ठेचाळीस हात हवेत. थोरल्यांच्या हिशेबाने पन्नास तर खिशातच होते. व्यासपीठाखाली बारा निळ्या खुर्च्या ओळीने उभ्या. नऊ रिकाम्या, तीन खुर्च्यांत तिघं बसलेले. त्यांतली एक कोपऱ्यावरची झेरॉक्सवाली. तिचं दुकान, घर, सगळं त्या खुर्चीवरूनच चालतं, आणि तीही सभासद होती.

अध्यक्षांनी, म्हणजे एका निवृत्त डॉक्टरांनी, ठराव वाचला. वहिनी उठल्या. पदर सारखा केला.

"सभासदहो, या खुर्च्या बघा! पंधरा वर्षांपूर्वी दिल्या. बारा दिल्या, बाराच्या बारा आज चालू आहेत. एकही भंगारात गेली नाही. रंग बघा, चाकं बघा! द्यायचं तर असं, डोळ्यांना दिसेल असं. बँकेत पडलेला पैसा कुणाला दिसतो? त्यात कधी कुणी बसलंय?"

हशा पिकला. टाळ्याही पडल्या. वहिनींनी मागच्या रांगेकडे पाहिलं. धाकटी मान खाली घालून बसली होती. पंधरा वर्षांत पहिल्यांदा थोरल्यांना मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं.

"ताई, एक बोलू?" झेरॉक्सवालीने हात वर केला. "मी या खुर्चीत आठ वर्षं बसतेय. हिचे टायर तीनदा बदलले. सीटचं कापड दोनदा. एकदा तर पाय ठेवायची पट्टी तुटून मी दुकानाच्या पायरीवर पडले, तेव्हा आख्खा सांगाडाच नवा बसवला. तुम्ही म्हणता पंधरा वर्षं टिकली. पण ताई, तुमची म्हणावी अशी हिच्यात नेमकी कोणती गोष्ट आहे?"

वहिनी संतापल्या. "काहीतरीच काय! काका, आणा बघू ती वह्या-पुस्तकं!"

पानाकाका गठ्ठा घेऊनच आले होते. वहिनींनी वरचं पुस्तक उघडलं. सदतीस वर्षं ऑफिसात कागद मोठ्याने वाचून खात्री करायची सवय. ती त्यांना नेमकी आत्ता नडली. त्यांनी स्वतःच्याच खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"खुर्ची क्रमांक सात. पुढची चाकं बदलली, कायम निधी. ब्रेक, दोन्ही बाजू, कायम निधी. सीट, कायम निधी. मागचे टायर, कायम निधी..." आवाज जरा खाली आला. "सांगाडा तडकल्याने नवीन. रंग पूर्वीचाच. कायम निधी. पाटी जुनी, पुन्हा बसवली."

त्यांनी दुसरं पुस्तक उघडलं, मग तिसरं. आता त्या मोठ्याने वाचत नव्हत्या, नुसतं बोट फिरवत होत्या. पाच खुर्च्यांचे सांगाडे बदललेले. बाकीच्यांची चाकं, ब्रेक, हात टेकायच्या पट्ट्या. ज्या बारा खुर्च्यांच्या जोरावर त्या निधी मोडायला निघाल्या होत्या, त्या बारा खुर्च्या त्या निधीवरच तर उभ्या होत्या! आणि हे उघडं पडायला त्यांनीच त्या खुर्च्या हट्टाने सभेत आणवल्या होत्या.

"म्हणजे माझं काय उरलंय यात?" त्यांनी हळूच विचारलं.

"पाटी," पानाकाका म्हणाले.

"ती तरी कशाला ठेवलीत? नियमात होतं का?"

"नियमात नव्हतं. पहिला सांगाडा बदलला तेव्हा मी धाकट्या वहिनींना विचारलं, पाटीचं काय करू. त्यांनी आधी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. मग म्हणाल्या, लावा. चरफडत म्हणाल्या, पण लावा म्हणाल्या."

सगळ्या माना मागे वळल्या. आता धाकटीला उठणं भाग होतं. तोंडात टाचण्या नव्हत्या, त्यामुळे बोलायलाही लागणार होतं.

"वहिनी, मला उगाच कुणी देवी करू नका," ती म्हणाली. "खुर्च्यांच्या समारंभात टाळ्या पडत होत्या ना, तेव्हा मी मागे बसून जळत होते. मामंजींना तीन वर्षं उठवलं-बसवलं आपण दोघींनी, आणि पाटीवर एकच सून! घरी जाऊन मी रागारागाने त्या अटी लिहिल्या. नाव नको म्हटलं ते मोठेपणाने नाही. तुमच्या पाटीशेजारी माझी पाटी नको होती मला."

थोरल्या तिच्याकडे बघतच राहिल्या. पंधरा वर्षं त्यांना वाटत होतं, की जिन्याच्या खालीच तेवढी आग आहे!

"तुम्ही समितीवर आलात," धाकटी पुढे म्हणाली, "तेव्हा तर मी वकिलांकडे गेले. म्हटलं, हा निधी काढा तिथून, दुसऱ्या संस्थेला देते. वहिनींच्या हाताखाली नको. त्यांनी माझाच कागद माझ्यापुढे ठेवला. देणारीलाही परत मिळणार नाही, असं मीच लिहिलेलं. इतका राग आला स्वतःचा! पण त्या अटीमुळे या झेरॉक्सवाल्या ताईंना पुढचा टायर मिळाला."

"आणि ती एक वर्ष थांबायची अट? ती कुणाची?" अध्यक्षांनी विचारलं.

"पानाकाकांची. ते म्हणाले, माणसाचा राग चार महिन्यांच्या वर टिकत नाही. वर्षभराची अट घाला, निधी सुरक्षित राहील." तिने थोरल्यांकडे पाहिलं. "वहिनी, तुम्ही त्यांना खोटं पाडलंत."

आधी पानाकाका हसले. मग झेरॉक्सवाली, मग सगळं सभागृह. थोरल्या वहिनींनी सवयीने पर्सकडे हात नेला, रुमाल काढला. पण चष्मा पुसायचा राहिला आणि डोळेच पुसावे लागले.

"अध्यक्षमहाराज," त्या म्हणाल्या, "मी खरं सांगते. मला अजूनही जळफळाट होतोय. आत्ता, इथे उभी असताना! हिचा निधी चालला, माझ्या खुर्च्या नाही चालल्या, हे काही माझ्या गळी उतरत नाही. पण माझ्या जळण्याची किंमत या बाईंनी का द्यायची? पुढच्या वर्षी यांचा ब्रेक गेला तर मी काय पलंगाची पाटी काढून बसवणार आहे का? ठराव मी मागे घेते!"

ठराव आधीच कार्यक्रमपत्रिकेवर असल्याने मत घ्यावंच लागलं. अकरा हात वर गेले. काही जणांनी पाटीवरचा मजकूरसुद्धा ठरवून ठेवला होता, त्यांचं काय करणार? बाकीचे हात खाली राहिले. थोरल्या वहिनींनी तर आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते, न जाणो आपणहून वर गेले तर! मग लगेच त्यांनीच दुसरा ठराव मांडला: यापुढे केंद्राला जो कुणी नवी वस्तू देईल, त्याने तिच्या किमतीचा पाचवा भाग कायम निधीतही टाकावा. तो एकमताने मंजूर झाला. पहिला भाग त्यांनी स्वतः दिला, बारा खुर्च्यांचा, पंधरा वर्षं उशिरा.

दोघी जावा एकत्रच घराकडे चालत निघाल्या.

"मी ठराव मागे घेतला तेव्हा टाळ्या बऱ्याच पडल्या, नाही?" थोरल्यांनी विचारलं.

"पडल्या ना," धाकटी म्हणाली. "माझ्या बोलण्याला एवढ्या नाही पडल्या. आजचा दिवस जाऊ दे, वहिनी. उद्यापासून जळेन मी."

थोरल्या मोठ्याने हसल्या आणि जिन्यापाशी तिचा हात धरून तिलाच आधी वर जायला लावलं.

नागरिकहो, आपण संस्था काढतो, निधी उभे करतो, तेव्हा सगळी माणसं कायम चांगलीच वागणार असं धरून चालतो. ती तशी वागत नाहीत. देणारा रुसतो, सांभाळणारा जळतो, पुढचा येणारा सगळं मोडून आपल्या नावाचं काहीतरी करू बघतो. म्हणून देताना नुसतं भरभरून देऊ नका. मुद्दल सुरक्षित राहील, दुरुस्तीची सोय होईल आणि आपल्याला स्वतःलाही ते सहज मोडता येणार नाही, अशा बेताने द्या. हेवा तर आपण सगळेच करणार, तो काही कुणाला चुकलेला नाही. पण ज्या दिवशी आपण शहाणे असतो, त्या दिवशी असा नियम लिहून ठेवावा, जो आपल्या हेव्यालाही पुरून उरेल.